पाक जमतो कशाने, बिघडतो कशाने

गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळायचं आणि नारळाच्या वडीजवळ ते फिरकूही द्यायचं नाही, हे बऱ्याच घरांत ठाऊक असतं. का, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मग लिंबू हा पाकावरचा सरसकट उपाय ठरतो आणि वडी पडली नाही की दोष नारळाला, साखरेला नाहीतर करणारीच्या हाताला दिला जातो. घरापुरतं केलं तर हे निभावून जातं. पण ऑर्डर घेऊन पाच-दहा किलोचे लाडू वळणाऱ्या बचतगटाला एक बिघडलेला पाक त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडायला लावतो.

पाकात साखर आणि पाणी यांखेरीज जे काही असतं, त्यावर त्याचं जमणं-बिघडणं ठरतं. शास्त्रात त्याला अशुद्धी म्हणतात. ती घाणच असते असं नाही. लिंबामुळे तयार झालेलं ग्लुकोज, गुळातले क्षार, दुधातली प्रथिनं, पीठ, धूळ, सगळं त्यात आलं. यातली कोणती वस्तू कधी हवी आणि कधी नको, हे गॅस पेटवण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. मधेच ठरवून उपयोग नसतो.

आधी थोडा हिशेब. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर विरघळते. पाणी उकळत असताना तेवढ्याच पाण्यात सुमारे ४८० ग्रॅम साखर मावते. म्हणजे आटवलेला पाक गरम असताना नितळ दिसला, तरी गार होताना त्यात मावेल त्यापेक्षा जास्त साखर असते. ही जादा साखर बाहेर पडायला निमित्त शोधत असते. निमित्त मिळालं की दाणे धरतात, आपण म्हणतो पाक साखरला.

या हिशेबाचा उपयोग असा. एक किलो साखरेचा पाक करायचा असेल तर रिकाम्या पातेल्याचं वजन आधी करून ठेवा. शिजवून उतरवलेल्या पाकाचं वजन, पातेलं वजा जाता, दीड किलो भरलं तर साखर आणि पाणी दोनास एक या प्रमाणात आहेत. असा पाक आपल्याकडच्या नेहमीच्या हवेत साखरत नाही. गुलाबजाम फ्रिजमध्ये ठेवायचे असतील किंवा कडाक्याची थंडी असेल तर पाक आणखी थोडा पातळ, एक किलो साखरेला १,६०० ग्रॅमच्या आसपास ठेवा. तार बोटांवर बघण्याची सवय चांगलीच आहे, पण पाक गार होत जातो तशी तार बदलते, आणि मोठ्या प्रमाणावर काम करताना काटा बोटांपेक्षा भरवशाचा. साखरेचं प्रमाण इतकं ठेवलं तर लिंबाची गरजच पडत नाही. गरज पडते ती पाक याहून घट्ट करायचा असतो तेव्हा.

आता लिंबू नेमकं काय करतं ते पाहू. आपली साखर म्हणजे सुक्रोज. तिचा प्रत्येक रेणू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या साखरा जोडून बनलेला असतो. आंबट पदार्थ घालून उकळलं की काही रेणूंचा हा जोड सुटतो आणि पाकात दोन्ही साखरा सुट्या होतात. साखरेचा दाणा वाढतो तो एकाच मापाच्या विटांची भिंत चढावी तसा, थरावर थर. ग्लुकोज किंवा फ्रुक्टोज म्हणजे त्यात आलेली अर्धी वीट. तिची एक बाजू नीट बसते, म्हणून ती जागा अडवते. दुसरी बाजू बसत नाही, म्हणून तिच्यावर पुढचा थर चढत नाही. अशा अर्ध्या विटा पुरेशा असल्या की दाणा वाढायचा थांबतो आणि पाक नितळ राहतो.

यातून एक गोष्ट निघते आणि नेमकी तीच स्वयंपाकघरात चुकते. जोड सुटायला उष्णता आणि वेळ दोन्ही लागतात. गॅस बंद करून वरून लिंबू पिळलं तर पाकाला आंबटपणा येतो, पण साखर फारशी फुटत नाही. लिंबाचा रस साखर विरघळल्याबरोबर घाला आणि त्यानंतर पाच-सात मिनिटं तरी पाक उकळू द्या. एक किलो साखरेला चहाचा एक चमचा रस पुरतो. त्याहून जास्त घातला, किंवा पाक फार वेळ उकळत ठेवला, तर फ्रुक्टोज वाढतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, पाक चिकट राहतो आणि लवकर तांबूसही होतो.

तुमच्याकडे बोअरचं जड पाणी येत असेल तर तेवढाच रस कमी पडेल, कारण पाण्यातले क्षार त्यातला काही आंबटपणा मारून टाकतात. अशा ठिकाणी पाकासाठी क्षार काढणाऱ्या गाळणीयंत्राचं पाणी वापरलेलं बरं. खाण्याचा सोडा पाकात चिमूटभर पडला तरी परिणाम उलटा होतो. आंबटपणा जातो आणि सुटी झालेली साखर सोड्याबरोबर तापली की रंग काळपट येतो. पांढरी मिठाई करणाऱ्यांनी सोड्याचा हात लागलेला चमचा पाकापासून लांब ठेवावा.

मिठाईच्या व्यवसायात लिंबाऐवजी लिक्विड ग्लुकोज वापरतात. साखरेच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के घातलं की पाक साखरत नाही आणि प्रत्येक घाण्याला तोच परिणाम मिळतो, कारण इथे साखर किती फुटली याचा अंदाज करावा लागत नाही. ग्लुकोज वजन करून घातलेलं असतं. विक्रीसाठी करत असाल तर माझा कौल यालाच. फक्त पाकिटावरच्या घटकांच्या यादीत ते लिहा.

नारळाच्या वडीचं गणित उलट आहे. वडी पडते तीच मुळी साखर दाणा धरते म्हणून. फक्त तो दाणा अतिशय बारीक हवा. साधारण ०.०२ मिलिमीटरहून लहान दाणे जिभेला वेगळे कळत नाहीत. त्याहून मोठे झाले की वडी कचकच लागते. एकदम असंख्य दाणे धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला साखर थोडी येते आणि सगळे बारीक राहतात. थोडेच दाणे सावकाश वाढले तर मोठे होतात. म्हणून मिश्रण गोळीबंद झाल्यावर खाली उतरवून घोटायचं, आच चालू असताना नव्हे. ताटात थापण्याआधी ते जितकं घोटाल तितकी वडी मऊसूत.

या वडीत लिंबू, मध किंवा सरसकट गूळ गेला तर मिश्रण कितीही आटवा, ते चिकट राहतं, कापलेल्या वड्यांच्या कडा ढळतात. आंब्याच्या रसाची वडीही याच कारणाने हट्टी असते. रसात आंबटपणा असतो आणि स्वतःच्या सुट्या साखराही असतात. आंब्याची वडी करायची तर रस वेगळा आटवून घट्ट गोळा करून घ्या आणि मगच नारळ-साखरेच्या शिजत आलेल्या मिश्रणात मिसळा. सगळं एकत्र घालून तासभर शिजवलं तर त्या आंबटपणात साखर फुटत राहते.

मिश्रण सैल वाटलं तर आपल्याकडच्या जाणत्या बायका दोन चमचे पिठीसाखर घालून घोटतात. तो उपाय शास्त्राला धरून आहे. पिठीसाखरेचा प्रत्येक कण म्हणजे तयार दाणा. जादा साखर त्याच्यावर बसत जाते आणि मिश्रण बघता बघता कोरडं होतं. त्यासाठी साखर घरीच मिक्सरमध्ये दळा. बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून बहुधा मक्याचं पीठ मिसळलेलं असतं आणि थोड्या वड्यांत तेही जाणवतं.

पिठीसाखर वडीला वाचवते, तोच कण गुलाबजामच्या पाकाचा घात करतो. साखर विरघळवताना पाक उडतो, पातेल्याच्या काठावर सुकतो, तिथे पांढरी कड धरते. त्यातला एखादा कण घट्ट पाकात पडला की सगळा पाक साखरायला सुरुवात होते. यावरचा उपाय सोपा आहे. साखर विरघळेपर्यंत ढवळा, त्यानंतर डाव बाहेर. पातेल्यावर दोन मिनिटं झाकण ठेवा म्हणजे वाफेच्या पाण्याने काठ धुतले जातात. राहिलीच कड तर ओल्या फडक्याने पुसून घ्या. तार बघायला घेतलेला चमचा न धुता परत पाकात घालू नका.

दाण्याच्या बाबतीत सगळ्यात कठीण परीक्षा संक्रांतीच्या हलव्याची. परातीत खसखस, तीळ किंवा साबुदाणा घेऊन खाली अगदी मंद आच, शक्य तर कोळशाची शेगडी. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. तो सुकला की पुढचा चमचा. असं काही दिवस चालतं, तेव्हा काटा येतो. प्रत्येक चमच्यातली साखर आधीच्या दाण्यावर बसून सुकली पाहिजे. पाकात सुटी साखर जास्त असेल तर पृष्ठभाग चिकटच राहतो, दाणे एकमेकांना धरतात आणि काट्याऐवजी गोटा तयार होतो. दमट हवेतही हेच होतं. थंडीतली कोरडी हवा हलव्याला लागते ती यासाठी, आणि सुदैवाने सणही त्याच दिवसांत येतो.

हलव्याच्या पाकाला पाणी-साखरेची उकळी आली की थोडं दूध घालतात. एक किलो साखरेला दोन मोठे चमचे दूध, तेवढंच पाणी मिसळून. दूध उकळत्या पाकात साकळतं आणि साकळताना धूळ, तंतू, डिंकासारखे पदार्थ गुंडाळून घेतं. ही मळी करड्या फेसासारखी वर येते. आच मंद करून ती कडेला येऊ द्यायची आणि डावाने काढायची, ढवळायची नाही. ढवळलीत तर ती पुन्हा पाकात मिसळते आणि मग बारीक कापडातूनही पूर्ण निघत नाही. मळी काढून झाली की पाक गाळून एकतारी करायचा. या पाकात लिंबू नको. पांढरेपणा येतो म्हणून काहीजणी घालतात. मला तो सौदा पटत नाही. पांढरेपणा मळी नीट काढल्याने मिळतो आणि काट्याला धोका पोचत नाही. बोरन्हाणासाठी किंवा नव्या सुनेच्या दागिन्यांसाठी हलवा करायचा असेल तर तिथे दाणे दोऱ्यात बांधायचे असतात, म्हणजे ते खुटखुटीत आणि कोरडेच हवेत.

गुढीपाडव्याची साखरगाठी आणि खडीसाखर यांनाही स्वच्छ पाकच लागतो. पण एक फरक आहे. गाठीचा पाक साच्यात ओतला की झपाट्याने आळतो, खडीसाखर दोऱ्यावर सावकाश वाढते. सावकाश वाढणारा दाणा परक्या वस्तूला बाहेर ढकलत जातो आणि काचेसारखा होतो. घाईने वाढणारा दाणा आजूबाजूचा पाक पोटात कोंडून घेतो, म्हणून पांढरट दिसतो. साखर कारखान्याचा सगळा व्यवहार याच गुणावर उभा आहे. उसाच्या रसात साखरेबरोबर सुट्या साखरा, क्षार, प्रथिनं, डिंक, मेण, रंगद्रव्यं असं बरंच काही असतं. चुना आणि गंधकाच्या धुराने रस निवळतात, आटवतात, निर्वात भांड्यात दाणे वाढवतात आणि यंत्रात गरगर फिरवून दाण्यांभोवतीची मळी वेगळी करतात. त्यातून ९९.५ टक्क्यांहून शुद्ध साखर मिळते. उरलेली अशुद्धी बहुतेक दाण्याच्या अंगावरच्या पातळ थरात असते. बारीक दाण्याच्या साखरेत हा थर जास्त, कारण तिचा एकूण पृष्ठभाग जास्त. म्हणून हलवा, गाठी, सरबत यांसाठी एस-३० ऐवजी एम-३० ची साखर घ्या. पोत्यावरचं अक्षर दाण्याचा आकार सांगतं, आकडा रंग.

वर्षाचं कोकम सरबत करून ठेवणाऱ्यांनी साखर आधी तपासावी. काचेच्या पेल्यात गरम पाणी घेऊन तीन-चार चमचे साखर विरघळवा, थोडं लिंबू पिळा आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी पाण्यात कापसासारखे तरंगते पुंजके दिसले तर साखरेत डिंकासारखे पदार्थ राहिलेले आहेत. ती साखर चहाला चालेल, सरबताची बाटली मात्र तिने गढूळ होईल.

या डिंकाचं मूळ पुष्कळदा शेतात असतं. तोडलेला किंवा जळालेला ऊस पडून राहिला की कापलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू शिरतात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतात. त्याने रस दाट होतो, गाळायला त्रास पडतो आणि दाणा एकाच बाजूने वाढून लांबट, सुईसारखा होतो. तोडीनंतर एक दिवसाच्या आत ऊस गाळपाला गेला तर हे टळतं. ऊसतोडणीचं वेळापत्रक आखणाऱ्यांना हे माहीत असतं. फाटकाबाहेर ताटकळणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर पाहिले की ते अंमलात येत नाही याचं वाईट वाटतं, कारण त्या शिळेपणाची किंमत शेवटी शेतकऱ्यालाही भरावी लागते.

गुळात अशुद्धी काढून टाकायची नसते, आवरायची असते. गुऱ्हाळात काहिलीतला रस तापू लागला की चुन्याची निवळी घालून त्याचा आंबटपणा कमी करतात. रानभेंडीचं खोड ठेचून पाण्यात चोळतात आणि तो बुळबुळीत रस काहिलीत सोडतात. मळी वर येते, ती झाऱ्याने काढतात. चुना कमी पडला तर साखर फुटत राहते आणि गूळ मऊ पडतो. जास्त झाला तर गूळ काळपट येतो. गुळव्या काहिलीतला थेंब गार पाण्यात टाकून गोळी बघतो. तेव्हा पाक साधारण ११८ अंशांवर असतो. काकवी त्याच्या बरीच आधी उतरवतात. चांगल्या गुळात रवा असतो, ढेप फोडली की तो चमकतो. चोपण किंवा खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ चवीला खारट लागतो, रवा धरत नाही आणि पावसाळ्यात पाझरतो. हा दोष काहिलीत दुरुस्त होत नाही. पिवळाधमक, एकसारखा गूळ दिसला की भुलू नका. तो रंग बरेचदा हायड्रोस नावाच्या गंधकयुक्त पावडरीने आणलेला असतो. सोनेरी-तपकिरी, रवाळ, खारट न लागणारा गूळ घ्या.

चिक्कीसाठी मात्र रवाळ गूळ चुकीचा. चिक्कीत दाणा धरायलाच नको, ती फुटली पाहिजे. म्हणून बाजारात चिक्कीचा गूळ वेगळा मिळतो, हाताला मऊ आणि चिवट. त्याचा पाक करताना थेंब गार पाण्यात टाकून ताटलीवर आपटा. टक असा आवाज आला आणि तुकडा कडकन मोडला तरच शेंगदाणे घाला. दाताला चिकटला तर पाक अजून कच्चा आहे. जुना, पाझरलेला गूळ वापरला तर पाक कितीही पुढे नेला तरी चिक्की दोन दिवसांत चिवट होते, कारण त्यातली सुटी साखर हवेतला ओलावा घेते. साखरेची चिक्की करत असाल तर ग्लुकोज घाला, नाहीतर ती भुरभुरीत होईल. दोन्ही प्रकार गार झाल्याबरोबर हवाबंद डब्यात गेले पाहिजेत. ‘संध्याकाळी भरू’ हे पावसाळ्यात चालत नाही.

कोणताही गूळ आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्या. वाळू, चिपाडाचे तुकडे, कधी चुन्याचे खडे निघतात. गाळलेला गूळ परत आटवायला वेळ लागतो म्हणून हा टप्पा गाळू नका. खिरीत गूळ घालताना दूध फाटतं तेही गुळातल्या आंबटपणाने आणि क्षारांनी. खीर उतरवून जरा निवू द्या, मग गूळ घाला आणि पुन्हा उकळू नका.

मोरांब्याबद्दल शेवटी. कच्च्या कैरीच्या साखरांब्याला आंबटपणा स्वतःचाच असतो, तो सहसा साखरत नाही. आवळे आधी उकडून ते पाणी फेकून दिलं, किंवा गोड पिकत आलेला आंबा घेतला, तर आंबटपणा कमी पडतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी बरणीच्या तळाशी खडे बसतात. अशा वेळी पाकात लिंबू सुरुवातीलाच घाला. बरणीत ओला चमचा घालू नये हे सगळे सांगतात. कोरडाही चमचा साखरेच्या डब्यातला नसावा, एवढं त्याला जोडून घ्या.

साखरलेला मोरांबा किंवा पाक वाया गेलेला नसतो. थोडं पाणी घालून मंद आचेवर सगळे खडे विरघळेपर्यंत तापवा, लिंबाचा चमचाभर रस घालून पाच-सात मिनिटं उकळा आणि काठ पुसून कोरड्या बरणीत भरा. जळका वास आलेला पाक मात्र टाकून द्या. तो कशानेही सुधारत नाही.